काळाचा राप आणि त्याची नक्कल : चांदीच्या नाण्यांवरील कृत्रिम रंगछटांची पारख

मराठीत नाण्याच्या खरेखोटेपणाविषयी जी शब्दसंपदा रूढ आहे ती जवळजवळ सगळी नाण्याच्या अंतरंगाला उद्देशून आहे. नाणे ‘खणखणीत’ असते ते आवाजामुळे, ‘कसास उतरते’ ते धातूच्या शुद्धतेमुळे, आणि पारखी माणूस पारख करतो ती प्रामुख्याने हिणाची. ही परंपरा जुनी आहे. दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू याने १३१८ मध्ये रचलेल्या ‘द्रव्यपरीक्षा’ या ग्रंथाचा विषय हाच आहे : कोणत्या नाण्यात चांदी किती, तांबे किती, आणि म्हणून त्याचे मोल किती. संग्राहकांच्या आजच्या बाजारात मात्र असा एक प्रश्न उभा राहिला आहे की त्याच्यापुढे आवाज, वजन आणि कसोटीचा दगड ही तिन्ही साधने निरुपयोगी ठरतात. नाणे टांकसाळीतच पाडलेले असते, धातू प्रमाणाबरहुकूम असतो, ठसा अस्सल असतो. बनावट असतात ती फक्त त्याच्यावरून गेलेली वर्षे.

चांदीच्या पृष्ठभागावर दीर्घकाळाने सोनेरी, तांबूस, जांभळ्या, निळ्या छटा उमटतात. इंग्रजी नाणकशास्त्रात त्यांना ‘टोनिंग’ म्हणतात. अशा छटा सुंदर आणि नैसर्गिक असतील तर त्याच सालच्या, त्याच प्रतीच्या पांढऱ्या नाण्यापेक्षा संग्राहक त्या नाण्याला कित्येक पट किंमत देतात. साहजिकच या छटा काही दिवसांत, कधी काही मिनिटांत, उमटवण्याचा उद्योगही उदयाला आला. त्यात फसलेल्याचे पैसे जातात, ही झाली एक हानी. दुसरी अधिक मोठी आहे : रंगवण्यासाठी घेतलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा नष्ट होतो आणि तो कोणत्याही उपायाने परत येत नाही. नैसर्गिक आणि कृत्रिम छटांमधला भेद कसा ओळखला जातो आणि त्या ओळखीचा आधार कितपत भक्कम असतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. पाठचिकित्सेत अंतर्गत आणि बहिःस्थ पुरावा असा जो भेद केला जातो, त्याचेच एक वेगळे आणि स्पर्शगम्य रूप येथे पाहावयास मिळते.

राप, पातिना आणि अभिरुची

धातूवर काळाचा जो परिणाम होतो त्यासाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत. पण ते बहुतेक दोषवाचक आहेत. लोखंड गंजते, चांदी काळी पडते, आणि कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते. यांपैकी एकाही शब्दात कौतुकाचा सूर नाही. अपवाद करता येईल तो ‘राप’ या शब्दाचा. उन्हातान्हात रापलेल्या चेहऱ्याविषयी बोलताना मराठी भाषक दोष दाखवीत नसतो. अनुभवाची खूण दाखवीत असतो. पण हा शब्द त्वचेचा आहे, धातूचा नव्हे. या संदर्भात इटालियन ‘पातिना’ या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. फिलिप्पो बाल्दिनुच्ची याने १६८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलाविषयक कोशात हा चित्रकारांचा शब्द म्हणून नोंदवला आहे, चित्रांवर काळाने येणारी आणि कधीकधी त्यांना शोभा देणारी सर्वसाधारण काळोखी असा त्याचा अर्थ सांगितला आहे, आणि त्यालाच ‘त्वचा’ असेही म्हणतात अशी पुस्ती जोडली आहे. एकमेकींपासून इतक्या दूरच्या दोन भाषांनी काळाचा परिणाम स्वीकारार्ह मानताना कातडीचीच प्रतिमा वापरावी, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. पुढील विवेचनात ‘टोनिंग’साठी ‘राप’ हाच शब्द योजला आहे.

या अभिरुचीबरोबरच तिची नक्कलही जन्माला आली. इंग्लंडमध्ये विल्यम होगार्थने १७६१ मध्ये काढलेल्या एका मुद्राचित्रात प्रत्यक्ष काळपुरुष चिलीम ओढत एका चित्रावर धूर सोडीत बसलेला दाखवला आहे. जुन्या आणि काळवंडलेल्या चित्रांनाच श्रेष्ठ मानणाऱ्या, आणि म्हणून धुरकटवलेल्या चित्रांना सहज फसणाऱ्या रसिकांची ती टवाळी होती. जपानमध्ये जुनिचिरो तानिझाकी याने १९३३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, सावल्यांची स्तुती करताना, चांदीच्या भांड्यांची झळाळी जाऊन त्यांवर धुरकट काळिमा चढल्यावरच ती जपानी माणसाला आवडू लागतात असे म्हटले आहे, आणि वाट पाहून मिळवलेला तो काळिमा घासून टाकणाऱ्या मोलकरणीला घरोघर बोलणी खावी लागतात हेही नोंदवले आहे. महाराष्ट्रातल्या घरात नेमके उलटे घडते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चांदी लख्ख न घासणाऱ्यालाच बोलणी बसतात.

आलोइस रीगल या कलेतिहासकाराने १९०३ मध्ये ऐतिहासिक मूल्य आणि वयोमूल्य असा जो भेद केला तो येथे उपयोगी पडतो. ऐतिहासिक मूल्याला वस्तू जशी घडली तशी हवी असते. वयोमूल्याला तिच्यावर झालेला काळाचा परिणाम हवा असतो. घासलेली चांदी पहिल्या मूल्याची बाजू घेते, रापलेली चांदी दुसऱ्याची. कृत्रिम राप दोन्ही मूल्यांचा घात करतो : नाणे घडले तसेही राहत नाही आणि त्याच्यावर दिसणारा काळ त्याचा स्वतःचाही नसतो.

रंग आहे, पण रंगद्रव्य नाही

रापाची पारख करण्यासाठी तो कशामुळे दिसतो हे प्रथम समजून घ्यावे लागते. हवेतील हायड्रोजन सल्फाइड आणि गंधकाची इतर संयुगे, ऑक्सिजन आणि दमटपणा यांच्या साहचर्याने चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर धरतो. थराची जाडी काही दशक नॅनोमीटरपासून सुरू होते. माणसाचा केस त्याच्या हजारपट जाड असतो. या थरावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग वरच्या पृष्ठभागावरून परततो, काही थर ओलांडून खालच्या चांदीवरून. हे दोन परतलेले भाग एकमेकांत मिसळताना काही तरंगलांबी क्षीण होतात, काही ठळक होतात, आणि डोळ्याला रंग दिसतो. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जे दिसते तेच हे. अर्थात नाण्यावर रंग आहे, पण रंगद्रव्य नाही; आहे ती केवळ थराची जाडी.

पातळ थरांच्या या रंगांचे पहिले काटेकोर मापन आयझॅक न्यूटनने केले आणि ते १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. हाच न्यूटन १६९६ पासून लंडनच्या शाही टांकसाळीचा अधिकारी होता आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे लागण्यात त्याची कित्येक वर्षे गेली. ही दोन कामे त्याने कधी एकत्र आणली नाहीत. त्याच्या काळी रापलेल्या नाण्याला जास्त पैसे मोजणारा वेडा अजून जन्माला यायचा होता.

थर जसजसा जाड होत जातो तसतसे रंग ठरावीक क्रमाने बदलतात, ही येथे सर्वांत महत्त्वाची बाब. पहिल्या फेरीत फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस, किरमिजी-जांभळा, गडद निळा आणि शेवटी फिका निळसर, जवळजवळ चंदेरी. दुसऱ्या फेरीत पुन्हा पिवळा, मग गुलाबी-किरमिजी, आणि त्यानंतर हिरवा. स्पष्ट हिरवा रंग पहिल्या फेरीत येत नाही. तो यायला थर पुरेसा जाड व्हावा लागतो. पुढे रंग मळकट होत जातात आणि शेवट काळ्यात होतो. मिश्रधातूतील तांब्यामुळे छटांत थोडाफार फरक पडतो, क्रमात पडत नाही.

थैलीतली साठ वर्षे

नैसर्गिक रापाचा सर्वांत अभ्यासलेला नमुना म्हणजे अमेरिकेचा मॉर्गन डॉलर. जॉर्ज मॉर्गन या उत्कीर्णकाच्या आकृतीवरून पाडलेले हे नाणे १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के व तांबे १० टक्के. १८७८ च्या ब्लँड–ॲलिसन कायद्याने सरकारला दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडणे भाग पडले. हे खाणमालकांच्या सोयीचे होते. लोकांना मात्र एवढी जड नाणी खिशात वागवायची नव्हती आणि चांदीच्या बदली कागदी प्रमाणपत्रे त्यांना अधिक सोयीची वाटत. परिणामी कोट्यवधी डॉलर पाडल्यापाडल्या हजार-हजारांच्या जाड कापडी थैल्यांत भरून तळघरांत गेले आणि तिथेच राहिले. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली सत्तावीस कोटींहून अधिक डॉलर वितळवण्यात आले. उरलेले पुन्हा अंधारात.

१९६२ च्या अखेरीस या थैल्या मोठ्या प्रमाणावर बाहेर येऊ लागल्या. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचा १९०३ चा डॉलर तोवर अतिदुर्मीळ समजला जाई. त्याच्या थैल्याच्या थैल्या निघाल्या आणि त्याची किंमत कोसळली. मार्च १९६४ मध्ये सरकारने डॉलर देणे थांबवले, तेव्हा सुमारे तीस लाख नाणी शिल्लक होती. ती १९७२ ते १९८० या काळात टप्प्याटप्प्याने विकण्यात आली.

या इतिहासाचा रापाशी संबंध असा की, थैलीच्या कडेला असलेल्या नाण्याची एक बाजू वर्षानुवर्षे कापडाला टेकून राहिली. कापडातील गंधक त्या बाजूला लागत गेले. दुसरी बाजू शेजारच्या नाण्याला चिकटलेली असल्याने पांढरीच राहिली. जिथे एक नाणे दुसऱ्यावर अर्धवट चढलेले होते तिथे झाकलेला भाग स्वच्छ आणि उघडा भाग रंगीत, आणि दोहोंच्या सीमेवर चंद्रकोरीसारखी रेघ. काही नाण्यांवर तर कापडाच्या विणीचे बारीक चौकट्यांचे जाळेच उमटलेले आढळते. रापाचा दुसरा प्रसिद्ध उगम संग्राहकांच्या पुठ्ठ्याच्या अल्बमांत आहे. तेथे नाणे गोल खाचेत बसवलेले असते आणि गंधक खाचेच्या कडेच्या पुठ्ठ्यातून येते, म्हणून रंग कडेकडून मध्याकडे वर्तुळाकार सरकतात. १९४७ ते १९५८ या काळात अमेरिकी टांकसाळीने पुठ्ठ्यांच्या पाकिटांत विकलेल्या संचांतील नाण्यांवरही असाच राप सापडतो. म्हणजे प्रत्येक साठवणीची आपली अशी लिपी असते. नाणे कुठे राहिले हे त्याच्या रंगांच्या मांडणीवरून वाचता येते, आणि जे वाचता येते त्याची विक्रेत्याच्या कथनाशी तुलना करता येते.

रंगांचे व्याकरण

नक्कल करणाऱ्याजवळ काळ नसतो. म्हणून तो काळाऐवजी तीव्रता वापरतो. गंधकाच्या संयुगांचा द्राव, उष्णता, क्लोरीनयुक्त विरंजके आणि बंद डब्यातील वायू ही त्याची नेहमीची हत्यारे. त्यांच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. त्यांच्या खुणा मात्र पाहिल्या पाहिजेत.

पहिली खूण क्रमभंगाची. नैसर्गिक रापात पिवळ्यापासून निळ्यापर्यंत जाताना मध्ये तांबूस आणि किरमिजी पट्टा असतोच, मग तो केसाएवढा अरुंद का असेना, कारण थराची जाडी एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना मधल्या सर्व जाड्यांतून जाते. पिवळ्याला लागून थेट हिरवा, किंवा चांदीच्या पांढऱ्या पृष्ठभागातून एकदम उगवलेला गर्द निळा, हे व्याकरणात न बसणारे वाक्य आहे. येथे टॉमस चॅटरटनची आठवण होणे स्वाभाविक आहे. या अठराव्या शतकातील किशोरवयीन कवीने रौली नावाच्या पंधराव्या शतकातील कल्पित धर्मोपदेशकाच्या नावावर काव्ये रचली, आणि त्यांची चर्मपत्रे गेरूने माखून, मेणबत्तीच्या धुरावर धरून जुनी केली. चर्मपत्रांचा काळा रंग पुष्कळांना पटला. टॉमस टिरहिट याने १७७८ मध्ये निकाल दिला तो भाषेच्या आधारे : शब्द जुने होते, पण कोशातून उचललेले, आणि त्यांची रूपे त्या शतकाच्या व्याकरणाला धरून नव्हती. रंगवलेल्या नाण्यातही बहुधा हेच होते. सुटे रंग बरोबर असतात. त्यांचा परस्परसंबंध चुकतो.

दुसरी खूण उठावाशी निगडित आहे. थैलीत किंवा पाकिटात कापड वा कागद प्रथम टेकतो तो नाण्याच्या उंच भागाला. देवीच्या गालाला, अक्षरांना, ताऱ्यांना. त्या उठावाच्या अगदी शेजारचा सपाट भाग मात्र कापडापासून किंचित दूर राहतो. म्हणून अक्षरांभोवती आणि ताऱ्यांभोवती फिकट किंवा वेगळ्या रंगाची एक बारीक प्रभावळ दिसते. वायूच्या साह्याने रंगवलेल्या नाण्यावर ही प्रभावळ सहसा नसते. रंगाचा पट्टा सपाट क्षेत्रावरून अक्षरावर चढतो, पलीकडे उतरतो आणि वाटेत काहीच घडले नाही असे दाखवतो. द्रावाने रंगवलेल्या नाण्यावर उलट प्रकार आढळतो. द्राव अक्षरांच्या कोपऱ्यांत साचतो, तिथे रंग गडद होतो, आणि सुकताना पाण्याच्या डागासारख्या कडा मागे ठेवतो. अशी कड एकदा भिंगातून पाहिली की पुन्हा ओळखायला अडचण पडत नाही.

तिसरी आणि अनुभवी पारखी सर्वाधिक मानतो ती खूण झळाळीची. नव्या ठशाने पाडलेल्या नाण्याचा धातू दाबाखाली बाहेरच्या दिशेने वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म अरीय रेषा सोडतो. दिव्याखाली नाणे हळूहळू फिरवले असता या रेषांवरून प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. नैसर्गिक राप या रेषांवर सावकाश बसलेला असल्याने झळाळी रंगाच्या खालून वर येते. रंग आणि प्रकाश एकत्र फिरतात. रंगवण्यासाठी निवडलेली नाणी मात्र बहुधा आधीच धुतलेली असतात. थायोयुरिया आणि आम्ल यांच्या द्रावात बुडवून त्यांचा मूळ थर काढून टाकलेला असतो, आणि प्रत्येक बुडवणीबरोबर चांदीचा अत्यंत पातळ पापुद्राही जातो. अनेकदा बुडवलेल्या नाण्याचे चाक फिरत नाही. त्याच्यावर कितीही मोहक रंग चढवला तरी तो वर ठेवल्यासारखा दिसतो, पृष्ठभागाचा होत नाही.

रंगाखाली ओरखडे असणे हीदेखील अशीच साक्ष. कापडाने पुसलेल्या नाण्यावर एका दिशेने जाणाऱ्या केशरेषा उमटतात. त्या रंगाला कापून जात असतील तर पुसणे रंगानंतरचे. रंग त्यांच्यात उतरून त्यांना अधिक गडद करीत असेल तर रंग पुसण्यानंतरचा. उत्खननात थरांचा क्रम लावताना जो न्याय लागतो तोच येथे काही नॅनोमीटरांत लागतो.

रासायनिक कसोटी एकच, आणि ती मर्यादित. शुद्ध ॲसिटोन सिल्व्हर सल्फाइडला स्पर्श करीत नाही. नाणे त्यात नुसते बुडवून ठेवले, घासले नाही, आणि तरीही रंग सुटला, तर तो रंग, लाख किंवा तेलकट अवशेष होता हे निश्चित. पण रंग टिकला म्हणून तो नैसर्गिक ठरत नाही. प्रयोगशाळेत काही मिनिटांत तयार केलेले सिल्व्हर सल्फाइडही तेवढेच पक्के असते.

हे झाले अंतर्गत पुरावे. बहिःस्थ पुराव्यांत नाण्याच्या प्रकाराचा स्वभाव मोडतो. मॉर्गन डॉलरनंतर १९२१ ते १९३५ या काळात पाडलेला ‘पीस’ डॉलर त्याच मिश्रधातूचा, त्याच वजनाचा, आणि थैल्यांतच साठवलेला; तरीही त्याच्यावर इंद्रधनुषी राप क्वचितच आढळतो. त्याच्या चकत्यांची पूर्वप्रक्रिया वेगळी असावी असे कारण सांगितले जाते. कारण काहीही असो, झगझगीत रंगांचा ‘पीस’ डॉलर पाहताच जाणकाराची भुवई वर जाते, जशी एखाद्या कालखंडात न सापडणारे वृत्त त्या काळच्या म्हणवणाऱ्या पोथीत आढळल्यावर संपादकाची जावी. थैलीतून आल्याचे सांगितलेल्या नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच रंगल्या असतील तर कथन आणि साक्ष जुळत नाहीत. एकाच विक्रेत्याजवळ सामान्य सालांची डझनभर नाणी एकाच रंगसंगतीत निघाली तरीही तोच निष्कर्ष. निसर्ग एक थैली दोनदा भरत नाही.

निकालाचे स्वरूप

एवढे पुरावे हाताशी असूनही एक अडचण शिल्लक राहते आणि ती सोडवण्याजोगी नाही. दोन्ही प्रकारच्या रापांत पदार्थ एकच असतो. एखाद्या संग्राहकाने आपला डॉलर गंधकयुक्त जुन्या कागदाच्या पाकिटात घालून खिडकीपाशी दोन वर्षे ठेवला आणि त्याच्यावर क्रमाने, उठावाला मान देत, झळाळी राखून रंग चढला, तर तो राप नैसर्गिक की कृत्रिम? १९३० च्या दशकात दुसऱ्या एखाद्याने तोच डॉलर तशाच अल्बममध्ये रंगाचा विचारही मनात न आणता ठेवला असता तर तो निःसंशय नैसर्गिक मानला गेला असता. भेद उरतो तो हेतूचा आणि अवधीचा. यांपैकी हेतू भिंगाखाली दिसत नाही; अवधी दिसतो, पण केवळ त्याच्या घाईच्या खुणांमधून. घाई न करणारा नक्कलकार म्हणूनच सर्वांत धोकादायक, आणि काही जणांच्या मते तो नक्कलकारच नव्हे.

अमेरिकेत १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या प्रतवारी करणाऱ्या संस्था निघाल्या. त्यांच्याकडे आलेले नाणे तपासून, अंक देऊन, प्लास्टिकच्या कवचात बंद केले जाते. रापाविषयीची त्यांची परिभाषा अर्थपूर्ण आहे. व्यवहारात त्या नाण्याचा रंग ‘नैसर्गिक’ असल्याची हमी देण्याऐवजी तो बाजाराला मान्य होण्याजोगा आहे की नाही एवढेच ठरवले जाते. नापसंत नाणी पूर्वी प्रतवारी न देता साध्या पाकिटात परत केली जात. नंतर पीसीजीएसच्या कवचांवर अशा नाण्यांसाठी ‘अस्सल’ असा शब्द आणि त्यासोबत रंग शंकास्पद असल्याचा शेरा असे लेबल दिसू लागले. या लेबलात लेखाच्या आरंभी मांडलेला प्रश्न दोन शब्दांत सामावलेला आहे : नाणे खरे, त्याचा काळ संशयित. हेच नाणे कवच फोडून पुन्हा पाठवले असता दुसऱ्या खेपेस स्वीकारले गेल्याचेही घडते. त्यावरून या संस्थांची थट्टा होते. पण ती पूर्णतः न्याय्य नाही. एस. एम. कत्रे यांनी १९४१ च्या आपल्या पाठचिकित्साविषयक ग्रंथात भारतीय हस्तलिखितांच्या संदर्भात जी संभाव्यतेची भाषा रुजवली, तीच भाषा येथे बोलली जाते. फरक इतकाच की संपादक आपले पाठभेद तळटीपांत छापतो आणि वाचकाला पुनर्विचाराची सोय ठेवतो. प्रतवारीच्या कवचावर तळटीप नसते.

रुपयाच्या बाबतीत

भारतीय नाण्यांना ही कसोटी लावताना साठवणीचा इतिहास वेगळा आहे हे ध्यानात घ्यावे लागते. १८३५ पासून कंपनी सरकारने एकरूप केलेला रुपया १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि ९१.७ टक्के चांदीचा होता. १९४० मध्ये चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ मध्ये ती नाहीशी होऊन निकेल आले. कापडी थैल्यांत साठ वर्षे पडून राहिलेल्या अमेरिकी डॉलरसारखा साठा रुपयाच्या वाट्याला क्वचितच आला. तो हातांतून फिरला, गळ्यात पुतळ्यांसारखा ओवला गेला, आटवला गेला, किंवा देवघरात बसला. देवघरातला रुपया वर्षातून एकदा तरी चिंच, लिंबू, रिठे किंवा रांगोळीने घासला गेला, आणि त्याच्या सपाट क्षेत्रावर गोलगोल फिरलेल्या केशरेषांचे जाळे तयार झाले. जमिनीत पुरलेल्या रुपयांची गोष्ट आणखी वेगळी : मातीतील क्षारांमुळे त्यांवर सिल्व्हर क्लोराइडचे करडे-तपकिरी कवच धरते, मिश्रधातूतील तांबे हिरवे होऊन बाहेर येते. इंद्रधनुषी छटा तेथे तयार होत नाहीत. तेव्हा ‘हंड्यात सापडलेला’ म्हणून दाखवलेला सप्तरंगी रुपया आपल्याच कथनाविरुद्ध साक्ष देत असतो.

बटव्यात, जुन्या कागदाच्या पुडीत किंवा लाकडी पेटीच्या कापडी अस्तरावर राहिलेल्या रुपयांवर मात्र खरा राप सापडतो, आणि तो बहुधा एका बाजूला, फिकट सोनेरी ते निळसर एवढ्याच मर्यादेत असतो. अशा रुपयाकडे पाहताना आधी केशरेषा शोधाव्या लागतात. त्या रंगाच्या खाली असल्या तर राप खोटा ठरतो असे नाही. तो शेवटच्या लक्ष्मीपूजनानंतरचा आहे, एवढेच सिद्ध होते.